घड्याळ आणि तालीम

व्यायामाला वेळ मिळत नाही, ही तक्रार माणसाइतकीच जुनी असावी असा सर्वसाधारण समज आहे. इतिहास पाहू गेल्यास ती तितकी जुनी दिसत नाही. आपल्या मुलखात तिचे वय फार तर सव्वाशे-दीडशे वर्षांचे भरेल. त्यापूर्वी व्यायाम करणारे लोक होते आणि न करणारेही होते. आळशी माणसे तर सर्व काळी असतात. परंतु ‘करावयाचा आहे, पण वेळ निघत नाही’ अशा कात्रीत सापडलेला मनुष्य हा घड्याळाने, कचेरीने आणि आगगाडीने घडविलेला मनुष्य होय. अशा मनुष्याने व्यायाम करावा तरी केव्हा, या प्रश्नाची उकल गेल्या शतकात दोन अगदी निराळ्या ठिकाणी झाली. एक ठिकाण म्हणजे सातारा जिल्ह्यातील औंध हे लहानसे संस्थान, आणि दुसरे म्हणजे लंडन शहरातील दुमजली बसगाडीचा जिना.

त्याआधी जुन्या तालमीचा दिनक्रम आठवून पाहावा. पहाटे, आभाळात चांदण्या असतानाच, गडी तालमीत उतरावयाचा. हौद्यातील लाल माती खणून मऊ करणे हीच त्याची पहिली मेहनत. मग जोर, बैठका, मुद्गल, करेला. त्यानंतर जोडीदाराबरोबर लढत. मग अंग रगडून घेणे, न्हाणे आणि खुराक. दुपारची झोप हाही त्या शिस्तीचाच भाग असे, आणि दिवेलागणीपूर्वी पुन्हा मेहनत सुरू. पैलवानाला व्यायामासाठी वेळ काढावा लागत नसे. व्यायामातून काही उरला तर तो वेळ इतर कामांना मिळत असे. हे चालत होते, कारण पाठीशी दरबार होता. कोल्हापूर, बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथील संस्थानिकांनी मल्ल पोसले. शाहू महाराजांनी कोल्हापुरात बांधविलेले खासबागेचे मैदान १९१२ सालचे. संस्थाने विलीन झाल्यावर हा आश्रय संपला आणि मल्लविद्येला दुसरे धनी शोधावे लागले. पण ती हकीकत वेगळी.

गावच्या तालमीचे गणित याहून साधे होते. शेतकऱ्याचा वेळ हंगामाप्रमाणे लांबतो आणि आखडतो. पेरणी-कापणीच्या दिवसांत तालीम ओस पडावयाची, आणि सुगी होऊन जत्रांचे दिवस आले की तीच माणसांनी गजबजावयाची. वर्षाचा हिशेब वर्षात पुरा होत असे. रोज अमुक मिनिटे व्यायाम झालाच पाहिजे, ही कल्पना त्या माणसाला चमत्कारिक वाटली असती; नांगर, मोट आणि पायवाट यांनी त्याचा व्यायाम आधीच करून घेतलेला असे.

घड्याळ आले ते आगगाडीबरोबर. १८५३ सालच्या एप्रिलात बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी गेली, आणि त्यानंतरच्या पन्नास वर्षांत गाडीची वेळ, शाळेची घंटा, गिरणीचा भोंगा आणि कचेरीचे ‘दहा ते पाच’ यांनी दिवसाचे तुकडे पाडले. १९०६ च्या आरंभी सर्व हिंदुस्थानासाठी एक प्रमाणवेळ ठरली, तेव्हा मुंबईकरांनी आपली स्थानिक वेळ सोडण्यास जो विरोध केला, तो आज हसण्यावारी नेला जातो. वास्तविक त्या हट्टामागे एक खरी व्यथा होती. आपल्या सूर्याप्रमाणे उठावे की दुसऱ्या कोणाच्या काट्याप्रमाणे, असा तो झगडा होता. काट्याची सरशी झाली. सकाळी जेवून कचेरीस निघणारा आणि दिवे लागल्यावर परतणारा कारकून हा समाजातील नवा घटक बनला. तालमीच्या दृष्टीने तो निरुपयोगीच होता. त्याच्यापाशी पहाटेचे दोन तास नव्हते, दुपारची झोप नव्हती, आणि दूध-बदामाचा खुराक त्याच्या पगारात बसणारा नव्हता.

लोकमान्य टिळकांची गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. डेक्कन कॉलेजात गेल्यावर आपली प्रकृती अभ्यासाचा ताण सोसणार नाही हे त्यांनी ओळखले, आणि पहिले वर्ष जवळजवळ सगळे शरीर कमावण्यात घालविले. आखाडा, पोहणे, नाव वल्हविणे असा तो कार्यक्रम होता. पुढे मंडालेच्या कारावासात त्या कमाईचा उपयोग झाला, असे चरित्रकार मोठ्या अभिमानाने लिहितात, आणि ते खरे असेल. परंतु एक वर्ष अभ्यास बाजूला ठेवणे किती जणांना जमेल? घरी पैसे धाडण्याची ज्याची वाट पाहिली जाते, त्या मुलाने हे उदाहरण घ्यावयाचे म्हटले तर घ्यावयाचे कसे? थोरांची चरित्रे वाचताना ही अडचण सहसा ध्यानात येत नाही.

बडोद्यात या अडचणीवर एक तोड निघाली. सयाजीराव महाराज दत्तक होऊन १८७५ साली गादीवर आले, तेव्हा त्यांच्या शिक्षणक्रमात अक्षरओळखीबरोबरच घोड्यावर बसणे आणि मल्लविद्या यांचीही योजना होती. त्यांच्या राज्यात व्यायामाला जो मान मिळाला, त्याचे मोठे श्रेय प्रोफेसर माणिकराव यांच्याकडे जाते. उस्ताद जुम्मादादा यांचे हे शिष्य. आपल्या संस्थेला त्यांनी अखेरपर्यंत गुरूचेच नाव ठेवले. बडोद्याचे जुम्मादादा व्यायाममंदिर ते हेच. देशी व्यायाम हौद्यातून काढून मैदानावर आणणे, रांगेत, हुकमावर, एकाच ठेक्यात शेकडो मुलांकडून करून घेणे, ही माणिकरावांची कामगिरी. तिचे महत्त्व शाळेतील तास ज्याने सांभाळला आहे त्यालाच पुरते समजेल. तालमीत वस्ताद एकेका गड्याला तयार करतो. त्याला वर्षे लागतात. शाळेत एक शिक्षक, साठ मुले आणि पाऊण तास असतो. त्या पाऊण तासात बसेल असा व्यायाम माणिकरावांनी रचला. पुढे लोणावळ्यास १९२४ साली कैवल्यधाम स्थापन करणारे स्वामी कुवलयानंद हे तरुणपणी बडोद्यास त्यांच्यापाशीच शिकले.

तरीही प्रश्न पुरता सुटला नाही. शाळा सुटली की हुकूम देणारा जातो आणि रांगही मोडते. पंचविशी उलटलेल्या, संसारात पडलेल्या माणसाने एकट्याने, घरी, कोणाच्या हुकमाविना काय करावे? या काळात या प्रश्नाचे एक उत्तर युरोपातून आले. युजेन सँडो नावाचा जर्मन मल्ल आपली डंबेल्स, रबरी दोऱ्यांची उपकरणे आणि पुस्तके घेऊन जगभर गाजत होता. त्याचा रोख नेमका शहरी माणसावर होता: घरीच करा, आरशासमोर करा, दिवसातून थोडा वेळ करा. ही उपकरणे हिंदुस्थानातही येऊन पोहोचली, आणि ती घेणाऱ्यांत औंधचे राजपुत्र भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हेही होते. १८९७ साली त्यांनी सँडोचे सारे साहित्य मागविले आणि सुमारे दहा वर्षे तो व्यायाम नियमाने केला. हे त्यांनी स्वतःच नमूद करून ठेवले आहे. सूर्यनमस्काराचा हा मोठा प्रचारक दहा वर्षे डंबेल्स फिरवीत होता, हे त्यांच्या चाहत्यांना आज आठवत नाही. पण ते विसरले तर नमस्काराच्या आधुनिक रूपाचा उगमच कळावयाचा नाही.

१९०८ च्या सुमारास मिरजेच्या अधिपतींच्या सांगण्यावरून बाळासाहेब सूर्यनमस्कारांकडे वळले आणि १९०९ साली औंधच्या गादीवर बसले. संस्थान लहान; गावे बहात्तर, आणि तीही सलग नव्हेत, इकडे-तिकडे विखुरलेली. राजाचा दिवस मात्र लहान नव्हता. बाळासाहेब पदवीधर होते, चित्रकार होते, रामायणावर चित्रे काढीत होते, कीर्तन करीत होते. बेळगावातून उठावे लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या कारखान्याला त्यांच्याच आश्रयाने १९१० साली संस्थानात जागा मिळाली आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. हैदराबादेत चित्रकार म्हणून नाव मिळविलेले पंडित सातवळेकर औंधास येऊन राहिले. वेदांच्या प्रकाशनाबरोबर आसने आणि व्यायाम यांचाही प्रचार ते करीत. पुढे १९३९ साली गांधीजींच्या सल्ल्याने या राजाने आपली सत्ता प्रजेच्या हाती सोपविणारी राज्यघटना दिली. इतक्या उद्योगांच्या गर्दीत रोजचे नमस्कार चुकले नाहीत, आणि ‘वेळ नाही’ ही सबब हा राजा कोणाकडून ऐकून घेत नसे, यात नवल नाही.

नमस्कार हे बाळासाहेबांनी शोधून काढले नाहीत. साष्टांग नमस्कार फार प्राचीन. समर्थ रामदास रोज बाराशे नमस्कार घालीत अशी परंपराच आहे. नवे काय होते? एक तर क्रम ठरला. आज बहुतेक ठिकाणी बारा अवस्था शिकवितात. औंधच्या पद्धतीत त्या दहा होत्या. दुसरे, संख्या ठरली आणि रोजची वेळ ठरली. तिसरी गोष्ट सर्वांत मोठी, आणि तिचीच चर्चा सर्वांत कमी होते: व्यायामाचे आकारमान बदलले. एका माणसाला पालथे पडता येईल एवढी जमीन पुरे. उपकरण नको, जोडीदार नको, वस्ताद नको, माती नको, खर्च नको. मध्यम गतीने एक नमस्कार दहा-बारा सेकंदांत होतो, म्हणजे शंभरांना सतरा ते वीस मिनिटे लागतात. सँडोने शहरी माणसाला जे देऊ केले होते तेच हे होते; फक्त सँडोच्या उपकरणांना पैसे पडत. चाळीतील एका खोलीत, मुले उठण्यापूर्वी, चूल पेटण्यापूर्वी करता येईल असा व्यायाम कारकुनाला प्रथमच मिळाला.

औंधच्या शाळांत नमस्कार सुरू झाले. मुलांत झाले तसे मुलींतही झाले. राणीसाहेबही नमस्कार घालीत. १९३६ साली बाळासाहेब इंग्लंडास गेले असता लुईझ मॉर्गन या पत्रकर्तीने त्यांच्या व्यायामाविषयी तेथील वृत्तपत्रात लिहिले, आणि १९३८ साली तिने संपादित केलेले त्यांचे इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये छापले गेले. त्या पुस्तकांत रोग बरे होण्याविषयी जे दावे आहेत, ते आजच्या वैद्यकाच्या कसोटीस उतरणारे नाहीत. मंत्रोच्चाराविषयीही वाद झाले. बाळासाहेब बीजमंत्रांचे समर्थन उच्चारांच्या शारीरिक परिणामावरून करीत, तर इतर धर्मांच्या पालकांना त्यात पूजा दिसे. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते असेच म्हणावे लागेल. मंत्र म्हणावा की न म्हणावा हे ज्याचे त्याने आपल्या श्रद्धेनुसार ठरवावे. पाठीचा कणा आणि पायांचे स्नायू आपले काम दोन्ही प्रकारे सारखेच करतात.

बाळासाहेबांवर खरा आक्षेप घेता येतो तो दुसऱ्याच बाजूने. राजाच्या वेळेवर राजाचीच सत्ता असते. ज्या बाईला पहाटे जात्यावर बसावे लागे, मग विहिरीवर जावे लागे, तिला वीस मिनिटे कोण देणार? याचे उत्तर औंधच्या पुस्तकात सापडत नाही. दळण-कांडणात व्यायाम होतोच, असे पुष्कळ पुरुषांनी मोठ्या सोयीस्करपणे लिहून ठेवले आहे. जात्यावरच्या ओव्या कितीही गोड असल्या तरी ते श्रम लादलेले होते. पिठाची गिरणी आली तेव्हा ज्यांची त्यातून सुटका झाली त्यांनी खेद केला नाही, आणि तो आज त्यांच्या नातवंडांनीही करू नये. परंतु कामातच जी मेहनत दडलेली असते ती शरीराच्या हिशेबात जमा होते की नाही, हा प्रश्न मात्र उरतोच. त्याचे मोजून-मापून दिलेले पहिले मोठे उत्तर लंडनच्या बसगाड्यांतून आले.

दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडात हृदयविकाराचे झटके झपाट्याने वाढत चालले होते, आणि कारण उमगत नव्हते. डॉ. जेरी मॉरिस आणि त्यांचे सहकारी निरनिराळ्या धंद्यांतील माणसांची तुलना करू लागले. लंडनच्या वाहतूक खात्यात त्यांना जणू तयार प्रयोगशाळाच सापडली. एकाच दुमजली बसमध्ये दोन नोकर असत. वर्ग एक, वस्ती साधारण सारखी, गणवेशही एकाच खात्याचा. ड्रायव्हर आपल्या पाळीचा बहुतेक वेळ बसून काढी. कंडक्टर तिकिटे देत दिवसाकाठी पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढे. १९५३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कंडक्टरांत हृदयविकार कमी होता, उशिरा येत होता, आणि आला तरी तितका घातक ठरत नव्हता. टपालखात्यातही तेच दिसले. पायी किंवा सायकलीने पत्रे वाटणारे पोस्टमन कचेरीत बसणाऱ्या कारकुनांपेक्षा सुरक्षित होते.

येथे चाणाक्ष वाचकाला शंका येईल, आणि ती मॉरिसनाही आली: जाड माणसेच ड्रायव्हरची नोकरी पसंत करीत असतील तर? शंका पडताळून पाहण्याची त्यांची युक्ती मोठी मजेदार आहे. खाते नोकरांना गणवेश देत असे, आणि त्यांच्या विजारींच्या कमरेची मापे दप्तरी नोंदलेली होती. ती तपासली तेव्हा ड्रायव्हरांच्या कमरा खरोखरच रुंद निघाल्या, अगदी तरुण ड्रायव्हरांच्यादेखील. १९५६ साली मॉरिसनी हे प्रामाणिकपणे छापले. पण पुढचा निष्कर्षही त्यांनी त्याबरोबर मांडला: सडपातळ असो, मध्यम असो वा स्थूल असो, कंडक्टर त्याच बांध्याच्या ड्रायव्हरपेक्षा आकस्मिक मृत्यूपासून अधिक सुरक्षित होता. इतक्या साध्या साधनाने इतकी मोठी शंका दूर केल्याची उदाहरणे शास्त्राच्या इतिहासात थोडी असतील.

मुंबईत दुमजली बस १९३७ साली आली. हैदराबादच्या रस्त्यांवरही अशा गाड्या कित्येक वर्षे धावल्या. डाव्या हाताने दांडी धरून, खांद्यावर चामडी पिशवी लटकावून जिना चढणारा तो कंडक्टर आपल्याकडेही पुष्कळांनी पाहिलेला आहे. लंडनमध्ये तिकिटांची यंत्रे आली, ड्रायव्हरच पैसे घेऊ लागला, आणि कंडक्टर असलेल्या जुन्या उघड्या दाराच्या गाड्या २००५ च्या अखेरीस नित्याच्या सेवेतून गेल्या. जो व्यायाम नोकरीच करून घेत होती तो नोकरीबरोबरच संपला. मग बसून काम करणाऱ्याने काय करावे? मॉरिसनी पुढचा शोध नेमका त्याच माणसाचा घेतला. १९६८ ते १९७० या काळात मध्यमवयीन अशा १६,८८२ सरकारी अधिकाऱ्यांकडून त्यांनी सोमवारी सकाळी लिहून घेतले, की गेल्या शुक्रवारी आणि शनिवारी फावल्या वेळात तुम्ही काय काय केले. पुढे ज्यांना हृदयविकार झाला त्यांच्या नोंदी इतरांच्या नोंदींशी ताडून १९७३ साली निष्कर्ष छापला. फावल्या वेळात जोमदार श्रम करणाऱ्यांचा धोका तसे न करणाऱ्यांच्या सुमारे एकतृतीयांश होता. या जोमदार श्रमांत पोहणे जसे होते तसे बागेत माती खणणेही होते. तालमीतील गड्याची पहिली मेहनत तीच नव्हती काय?

मॉरिस स्वतःही बसून काम करणाऱ्यांपैकीच होते. लंडनच्या हॅम्पस्टेड हीथ या माळावर ते धावावयास जात. त्या काळी मोठ्या माणसाने विनाकारण रस्त्याने धावणे हे इतके विचित्र समजले जाई, की लोकांना त्यांच्या डोक्यात काही बिघाड असावा असे वाटे. ते २००९ च्या ऑक्टोबरात वारले, तेव्हा त्यांच्या शंभरीस अवघे सहा महिने उरले होते. औंधचे बाळासाहेब १९५१ साली, ब्याऐंशीव्या वर्षी गेले. या दोन आयुष्यांवरून काही सिद्ध होत नाही. मॉरिसनीच असा पुरावा फेटाळून लावला असता.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली प्रौढ माणसासाठी आठवड्यास किमान दीडशे मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगितला, म्हणजे दिवसास एकवीस-बावीस मिनिटे. औंधच्या शंभर नमस्कारांना लागतो त्याहून हा वेळ फारसा अधिक नाही, आणि नमस्कारांचे श्रम तर मध्यमाहून काहीसे जास्तच. त्या शिफारशीत एक अट होती, की व्यायाम एका वेळी निदान दहा मिनिटे सलग झाला तरच तो हिशेबात धरावा. दहा वर्षांनी, २०२० साली, शिफारशी पुन्हा लिहिल्या गेल्या तेव्हा ही अट काढून टाकण्यात आली; तोवर जमलेल्या पुराव्यावरून ती अनावश्यक ठरली होती. लंडनच्या कंडक्टराला ती कधीच पाळता आली नसती. तो एका दमात दहा मिनिटे जिना चढत नव्हता. एका थांब्यानंतर वर जाई, सात-आठ तिकिटे फाडी, घंटा वाजवी आणि पुढचा थांबा येण्यापूर्वी खाली उतरे.